वरूडच्या तीन दिशा आणि विज्ञानाचा शिक्षक

शाळेचा इतिहास लिहावयास घेतला की आपण बहुधा तिच्या इमारतीचा इतिहास लिहितो. कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, पहिले मुख्याध्यापक कोण, कोणत्या वर्षी शालान्त परीक्षेचा निकाल शंभर टक्के लागला, हे सारे सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सापडते. परंतु फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या शिक्षकाने वर्गात नेमके काय केले आणि तीस वर्षांच्या सेवेत तो स्वतः किती वाढला, याची नोंद कोठेच राहत नाही. शिक्षक निवृत्त होतो, त्याला शाल-श्रीफळ मिळते, चार भाषणे होतात आणि त्याची टाचणवही रद्दीत जाते.

विज्ञानाच्या शिक्षकाच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. विज्ञान हा विषय आपल्या शाळांत तसा उशिराने आला. मराठीतून विज्ञान सांगण्याचा आरंभ जुना आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गणित व खगोल शिकविणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून सृष्टीचे ज्ञान मराठी वाचकाच्या हाती दिले. १९२८ मध्ये पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ सुरू झाले, १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. पण ही सारी वाचकांसाठी चाललेली धडपड होती. खेड्यातील प्रत्येक मुलाला दहावीपर्यंत विज्ञान शिकावेच लागेल, अशी व्यवस्था व्हावयास कोठारी आयोगाची (१९६४-६६) शिफारस यावी लागली. महाराष्ट्रात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध लागू झाला आणि नव्या पद्धतीची पहिली दहावीची परीक्षा १९७५ साली झाली. त्या दिवसापासून विज्ञानाचा शिक्षक ही गावोगावच्या माध्यमिक शाळेची अनिवार्य गरज बनली. विषय सक्तीचा झाला. प्रयोगशाळा, साधने आणि शिक्षकाची तयारी मात्र मागाहून, आपापल्या गतीने येत राहिली.

प्रस्तुत लेखात मला या शिक्षकाच्या वाढीचा इतिहास पाहावयाचा आहे. त्यासाठी पुण्या-मुंबईकडे पाहण्याची आवश्यकता नाही. वरूड गावाच्या मध्यावर उभे राहिले तरी पुरे. येथून दक्षिणेस, उत्तरेस व पश्चिमेस अशा तीन दिशांना, गेल्या शतकात शिक्षणाचे तीन मोठे प्रयोग झाले. दक्षिणेस वर्ध्याजवळचे सेवाग्राम. उत्तरेस सातपुड्याची रांग आणि बैतूलचा मुलूख ओलांडला की नर्मदाकाठचे होशंगाबाद, ज्यास आता नर्मदापुरम म्हणतात. पश्चिमेस परतवाडा, अकोट, जळगाव जामोद असा सातपुड्याचा पायथा धरून गेले की खानदेशातील रावेर तालुक्याचे खिरोदा. वरूडचा संत्रा देशभर गेला. पण या तिन्ही ठिकाणी जे पिकले ते वरूडच्या वर्गांपर्यंत कितपत पोहोचले, हा विचार आपण करावयास हवा.

दक्षिणेची दिशा: हाताने शिकणे

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते; विनोबा, काका कालेलकर, अकोल्याच्या मश्रुवाला कुटुंबातील किशोरलाल मश्रुवाला आणि तमिळ ख्रिस्ती घराण्यातून आलेले अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा हे तिचे सदस्य होते. या समितीच्या कार्याला पुढे ज्यांनी आयुष्य दिले ते ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हेही श्रीलंकेतील तमिळ ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले. ते आणि त्यांच्या पत्नी आशादेवी शांतिनिकेतनहून वर्ध्यास आले आणि सेवाग्रामच्या हिंदुस्थानी तालीमी संघाचा भार त्यांनी वाहिला.

नई तालीम म्हणजे चरखा चालविणे, अशी अनेकांची समजूत आहे. समितीने तयार केलेला सामान्य विज्ञानाचा अभ्यासक्रम पाहिला तर ही समजूत दूर होते. निसर्गनिरीक्षण, वनस्पती व प्राणी, शरीर व आरोग्य, रसायन, ताऱ्यांची ओळख, थोर शास्त्रज्ञ व संशोधक प्रवासी यांच्या कथा, असा त्याचा विस्तार होता. विशेष असा की हे सारे उद्योगाशी जोडून शिकवावयाचे होते. सूत कातताना धागा का तुटतो, हवेतील ओलाव्याचा त्यावर काय परिणाम होतो. भाजीच्या वाफ्यात खत घातल्याने काय होते आणि न घातल्याने काय होते. विहिरीचे पाणी उकळून का प्यावे. हे प्रश्न मुलाच्या हातातील कामातून उगवावेत, अशी अपेक्षा होती.

ही अपेक्षा थोर होती, आणि नेमक्या तिच्याच थोरपणात तिची अडचण दडलेली होती. धाग्यातून विज्ञान काढून दाखविण्यासाठी शिक्षकाला धागाही यावा लागतो आणि विज्ञानही. थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणानंतर ज्यांना या शाळांत धाडले गेले, त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती उद्योगाचा केवळ विधी राहिला. तासाला टकळी फिरे, विज्ञान मात्र पुस्तकातूनच घोकले जाई. पालकांनाही हे शिक्षण खेड्यातील गरिबांसाठी काढलेले दुय्यम शिक्षण वाटू लागले. ज्यांना शक्य होते त्यांनी आपली मुले दुसऱ्या शाळांत घातली. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत बुनियादी शाळा नावापुरत्या उरल्या. सेवाग्रामच्या परिसरात २००५ साली ‘आनंद निकेतन’ शाळेच्या रूपाने ही परंपरा पुन्हा सुरू झाली, ही समाधानाची गोष्ट आहे.

सेवाग्रामचा पहिला धडा असा की शिक्षणाची कल्पना कितीही उदात्त असो, ती शिक्षकाच्या तयारीपेक्षा उंच जाऊ शकत नाही.

उत्तरेची दिशा: ‘मला ठाऊक नाही, आपण करून पाहू’

सेवाग्राम आणि होशंगाबाद यांना जोडणारा एक दुवा आपल्या वाचकांना ठाऊक असावयास हवा. मार्जरी साइक्स नावाच्या इंग्रज बाई १९२८ मध्ये शिक्षिका म्हणून मद्रासला आल्या. क्वेकर, म्हणजे मित्रसमाज, या ख्रिस्ती पंथाच्या त्या अनुयायी. पुढे सेवाग्रामला त्यांनी नई तालीमच्या शिक्षकांना घडविण्याचे काम केले आणि उतारवयात त्या होशंगाबादजवळील रसूलिया येथील मित्रसमाजाच्या ग्रामीण केंद्रात राहिल्या. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनीच नई तालीमचा इतिहास ग्रंथरूपाने लिहून ठेवला.

याच रसूलियाच्या केंद्राने व ‘किशोर भारती’ या संस्थेने मिळून १९७२ मध्ये सोळा सरकारी शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. किशोर भारतीचे डॉ. अनिल सद्गोपाल हे रेणवीय जीवशास्त्राचे संशोधक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून ते खेड्यात आले होते. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक, टाटा संस्थेतील शास्त्रज्ञ आणि खेड्यातील मास्तर उन्हाळ्याच्या सुट्टीत एकत्र बसू लागले. १९७८ मध्ये जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, हा कार्यक्रम लागू झाला. १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन होऊन तिने ही धुरा खांद्यावर घेतली.

या वर्गात काय होत असे? चार-चार मुलांच्या टोळ्या पाडल्या जात. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात व्याख्या आणि उत्तरे नसत. करावयाचे प्रयोग आणि विचारलेले प्रश्न असत. मूल प्रयोग करी, दिसले ते लिही, टोळीत वाद घाली आणि मग सारा वर्ग मिळून निष्कर्ष काढी. फुलाचे भाग वेगळे करावयास महागडी सुई नव्हती, तेव्हा बाभळीचा काटा पुरला. १९७८ मध्ये पुण्याच्या एका मोटार कारखान्यातून रजा घेऊन आलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीतील काड्या एवढ्यावर भूमिती उभी केली. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी ढळत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलंडतो. छपराच्या कैचीत आणि पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतो, हे मुलाला सांगावे लागत नाही, त्याच्या बोटांना कळते. याच गुप्तांनी पुढे २००३ ते २०१४ या काळात पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम करून महाराष्ट्रातील हजारो मुलांच्या हाती टाकाऊ वस्तूंतून घडविलेली खेळणी दिली.

परीक्षाही वेगळी होती. पुस्तक आणि स्वतःची वही उघडी ठेवून मुलांनी उत्तरे लिहावयाची, शिवाय हातांनी प्रयोग करून दाखवावयाचा. घोकंपट्टीला तेथे जागाच उरली नाही. मुलांच्या मनातील प्रश्नांसाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. त्याच्या नावाने मुले पत्रे पाठवीत आणि त्यांना उत्तर जाई.

तथापि माझ्या मते या कार्यक्रमाचा खरा प्राण मुलांच्या प्रयोगपेटीत नव्हता. तो शिक्षकांच्या मासिक बैठकीत होता. दर महिन्याला परिसरातील विज्ञानाचे शिक्षक एका केंद्रावर जमत. शासनाच्या आदेशाने त्यांना त्या दिवसाची मोकळीक आणि प्रवासभत्ता मिळे. मागल्या महिन्यात कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला ज्याचे उत्तर आले नाही, पुस्तकातील कोणता प्रश्न चुकीचा ठरला, याची मोकळी चर्चा होई. त्या चर्चेतून पुस्तके बदलत. ज्या मास्तराने आयुष्यभर वरून आलेले परिपत्रक वाचले, त्याला प्रथमच असे वाटले की आपण लिहिलेले कोणी तरी वर बसून वाचतो आहे. त्याच सरकारी शिक्षकांतून पुढे इतर शिक्षकांना शिकविणारे तज्ज्ञ तयार झाले.

‘मला ठाऊक नाही, आपण करून पाहू’ हे वाक्य आपल्याकडील शिक्षकाला उच्चारणे फार कठीण जाते. गुरुजींना सर्व ठाऊक असते, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. या कार्यक्रमाने शिक्षकाला अज्ञान कबूल करण्याचे धैर्य दिले, आणि ते कबूल करूनही त्याचा मान वर्गात कमी होत नाही, उलट वाढतो, हे त्याच्या प्रत्ययास आणून दिले. विज्ञानशिक्षकाच्या व्यावसायिक वाढीचा याहून चांगला प्रारंभ मला सांगता येणार नाही.

तीस वर्षांत हा कार्यक्रम पंधराच्या आसपास जिल्ह्यांत, हजाराच्या घरातील शाळांत पसरला. २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने तो बंद केला. वेगळ्या अभ्यासक्रमामुळे मुले पुढील परीक्षांत मागे पडतात, राज्यभर एकच पुस्तक असावे, असे आक्षेप घेण्यात आले. देशातील अनेक नामवंत शास्त्रज्ञांनी विनंती करूनही निर्णय फिरला नाही. कार्यक्रमाचे विचार मात्र मेले नाहीत. प्रा. यशपाल यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात त्यांचे प्रतिध्वनी ऐकू येतात. एकलव्यच्या हिंदी ‘संदर्भ’ची प्रेरणा घेऊन पुण्यात १९९९ पासून मराठी ‘शैक्षणिक संदर्भ’ हे द्वैमासिक निघू लागले. पण पुस्तके छापता येतात. दर महिन्याला भरणारी बैठक छापता येत नाही. ती थांबली की शिक्षक पुन्हा एकटा पडतो.

पश्चिमेची दिशा: जिभेवरची भाषा

तिसरा प्रयोग महाराष्ट्राच्याच भूमीवरचा आणि मराठी भाषेतला. १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. भौतिकशास्त्रज्ञ प्रा. वि. गो. कुळकर्णी हे त्याचे पहिले संचालक. या केंद्राने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आपले पहिले मोठे ग्रामीण काम ज्या गावी केले ते खिरोदा. १९३६ मध्ये ज्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, त्याच पंचक्रोशीतले हे गाव. महाराष्ट्राचे एके काळचे शिक्षणमंत्री आणि पुढे विधानसभेचे अध्यक्ष झालेले मधुकरराव चौधरी येथलेच. परिसरातील ग्रामीण शाळांच्या शिक्षकांना जवळच्या, स्वस्त साधनांतून प्रयोग करावयास शिकविणे आणि मुलांच्या अडचणी मुळापासून समजून घेणे, हे या कामाचे स्वरूप होते.

केंद्राच्या त्या काळातील कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली, जी आपणा सर्वांना जवळची वाटावी. मुलांना विज्ञान अवघड जाते असे आपण म्हणतो; पुष्कळदा त्यांना अवघड जाते ती विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा. मराठी माध्यमाचे पुस्तक मराठीतच असते, परंतु ते मुलाच्या घरच्या मराठीत नसते. प्रा. कुळकर्णी आणि त्यांचे सहकारी वि. गो. गंभीर यांनी मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील, म्हणजे बहुतांशी कष्टकऱ्यांच्या, मुलांसाठी पुस्तकातील आशय जरासुद्धा न घटविता भाषा सोपी करून पाहिली. लांब वाक्ये तोडली, जडजंबाल समास सोडविले. मुलांचे आकलन तर सुधारलेच, शिवाय वर्गात एक अनपेक्षित बदल दिसला: मुले बोलू लागली. ज्याला पुस्तकाची भाषा कळत नाही ते मूल प्रश्न तरी कसा विचारणार? ते गप्प बसते, आणि आपण त्या गप्प बसण्याला शिस्त म्हणतो. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशा दलित कुटुंबांतील विद्यार्थ्यांबरोबर ऐंशीच्या दशकात केंद्राने केलेल्या कामानेही हेच दाखविले की उणीव बुद्धीची नव्हती, संधीची होती.

आपल्या तालुक्यातील उदाहरण घेऊ. पुस्तकात ‘बाष्पोच्छ्वास’ असा शब्द येतो. मूल तो पाठ करते, परीक्षेत लिहिते आणि विसरते. त्याच मुलाच्या दारी संत्र्याचे झाड उभे असते. सकाळी एका फांदीच्या पानांवर प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी घट्ट बांधावी. दुपारपर्यंत आतून पाण्याचे थेंब जमलेले दिसतात. झाड पानांवाटे पाणी सोडते, हे मुलाने डोळ्यांनी पाहिले. आता त्याला ‘बाष्पोच्छ्वास’ हा शब्द द्यावा. आधी अनुभव, मग घरची भाषा, आणि शेवटी शास्त्राची परिभाषा. हा क्रम उलटा झाला की विज्ञानाचा मंत्र होतो.

शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत जे घडते ते याहून निराळे नाही. तेथील माळी संत्र्याची बी लावून बाग करीत नाही. आधी जंबेरीचे रोप वाढवितो, कारण जंबेरीचे मूळ काटक; मग त्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतो. खुंट भक्कम असेल तर डोळा जगतो. मातृभाषा हा तो खुंट आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मुले घालणाऱ्या आपल्या धर्मग्रामांतील पालकांना मी दोष देत नाही. काळाची गरज ती गरज. पण घरी आई-वडिलांनी त्याच धड्याविषयी मराठीत, हिंदीत किंवा कोरकूत, जी भाषा घरात नांदते तीत, मुलाशी बोलावे. खुंटाला पाणी घालण्याचे काम शाळा करू शकत नाही.

एक अनुत्तीर्ण शिक्षक

शिक्षकाच्या वाढीचा विचार करताना मला ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एका विज्ञानशिक्षकाचे स्मरण होते. ग्रेगोर मेंडेल हे अगस्तीनियन मठातील धर्मगुरू होते, आणि अनुवंशशास्त्राचे जनक म्हणून आज दहावीचा प्रत्येक विद्यार्थी त्यांचे नाव वाचतो. ते माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवीत, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. शिक्षकाच्या पात्रता परीक्षेस ते १८५० मध्ये बसले आणि अनुत्तीर्ण झाले. मठाने त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात धाडले. तेथे डॉप्लर यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञांकडे ते शिकले. १८५६ मध्ये पुन्हा परीक्षेस बसले. याही वेळी यश आले नाही. तरीही १८५४ ते १८६८ अशी चौदा वर्षे, कायम नेमणूक नसलेला बदली शिक्षक म्हणून, ब्रुन येथील (आजचे ब्रनो) शाळेत त्यांनी भौतिकशास्त्र आणि निसर्गविज्ञान शिकविले.

शाळा शिकवून उरलेल्या वेळात मठाच्या बागेत त्यांनी १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची सुमारे अठ्ठावीस हजार झाडे वाढविली, त्यांचे सात गुणधर्म निरखले, दाणे मोजले. १८६५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष वाचून दाखविले, पुढल्या वर्षी ते छापले गेले. १८८४ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांचे महत्त्व कोणाच्या ध्यानी आले नाही. १९०० मध्ये जगाला ते कळले.

मेंडेलच्या कथेवरून परीक्षा निरर्थक असतात असा निष्कर्ष मी काढीत नाही. परीक्षेला जे मोजता आले नाही ते या माणसाने स्वतः वाढविले, एवढेच म्हणतो. जो शिक्षक स्वतःचा एखादा प्रश्न उराशी बाळगून असतो, त्याच्या वर्गात मुले प्रश्न विचारतात. ज्याचा शेवटचा प्रश्न बी.एड.च्या परीक्षेबरोबर संपला, त्याच्या वर्गात धडे पूर्ण होतात, एवढेच.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. शिक्षकांची तयारी काळजीपूर्वक व्हावी, त्यांच्याकडे धार्मिक ज्ञानाबरोबर लौकिक ज्ञानही असावे आणि त्यांचे अध्यापनकौशल्य त्या त्या काळातील शोधांना धरून असावे, असा आग्रह त्यात आहे. श्रद्धा आणि विज्ञान यांचे वैर आहे असे मानणाऱ्यांनी तो एकदा वाचावा. आपल्याच परंपरेतील येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि फादर सांतापाव यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवीत असताना या देशातील वनस्पतींचा केवढा अभ्यास केला! ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह तेथे आहे आणि सांतापाव हे पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. दोघेही धर्मगुरू आणि दोघेही शिक्षक.

आपल्या दाराशी

मग आज वरूडच्या विज्ञानशिक्षकापुढे काय आहे? त्याच्यापुढे साठ-सत्तर मुलांचा वर्ग आहे, निवडणुकीची व सर्वेक्षणाची कामे आहेत, भरावयाचे तक्ते आहेत. तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन दर वर्षी भरते, पण त्यात थर्माकोलचा ज्वालामुखी आणि दुकानातून विकत आणलेली प्रतिकृती यांचाच भरणा असतो. आणि त्याच्या शाळेच्या कुंपणापलीकडे सबंध तालुका हीच एक प्रयोगशाळा आहे.

आपल्याकडील कोणत्याही शेतकऱ्याला विचारा: मृग बहार घ्यावयाचा तर उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडून ताण द्यावा लागतो, मग पावसाबरोबर फूल येते, आंबिया बहारासाठी हाच ताण हिवाळ्यात द्यावा लागतो. पाणी तोडल्याने फूल का येते? हलक्या जमिनीत ताण लवकर का बसतो आणि काळ्या जमिनीत उशिरा का? खोडाला डिंक्या कोणत्या बागेत अधिक लागतो, पाणी साचणाऱ्या की निचऱ्याच्या? बाप हे अनुभवाने जाणतो, मुलगा पुस्तकात बुरशी, मुळे आणि केशाकर्षण शिकतो, आणि एकाच घरातील या दोन ज्ञानांची गाठ पडत नाही. ती गाठ घालून देणे हे विज्ञानशिक्षकाचे काम आहे. सेवाग्रामला हेच हवे होते.

प्रश्न केवळ शिक्षणशास्त्राचा नाही. संत्र्याच्या बागांसाठी या तालुक्यात कूपनलिका खोल-खोल गेल्या आणि भूजलाच्या मोजणीत वरूड अतिउपशाचा तालुका म्हणून नोंदला गेला. बागा वाळल्या, कुऱ्हाड लागली, कर्जे मात्र उभी राहिली. यामागील दुःख धर्मग्रामाच्या भेटींत मी घरोघरी ऐकले आहे. अशा गावच्या मुलाला भूजल म्हणजे काय याची व्याख्या येते, परंतु आपल्या घरच्या विहिरीचे पाणी वैशाखात किती हात खाली जाते ते सांगता येत नाही, हे कसे चालेल? दोरी, दगड आणि वही एवढ्या साधनांनी आठवीचा वर्ग गावातील दहा विहिरींची पातळी दरमहा मोजू शकतो. पाच वर्षे हे चालले तर त्या वह्या ग्रामसभेपुढे ठेवता येतील, आणि पुढली कूपनलिका खणावी की न खणावी हा वाद केवळ आवाजाच्या बळावर होणार नाही.

हे एकट्या शिक्षकाने होणार नाही, हे होशंगाबादने शिकविले. म्हणून माझी सूचना साधी आहे. वरूड-मोर्शी परिसरातील विज्ञानाच्या शिक्षकांनी, शाळा सरकारी असो, संस्थेची असो वा मिशनची असो, महिन्यातून एकदा दोन तास एकत्र बसावे. वर कोणी साहेब नको, प्रमुख पाहुणे नकोत, हारतुरे नकोत. प्रत्येकाने आपला एक फसलेला प्रयोग आणि मुलाने विचारलेला एक अनुत्तरित प्रश्न घेऊन यावे. बसण्यासाठी जागा हवी असेल तर आपल्या धर्मग्रामांची सभागृहे रविवारची उपासना आटोपल्यावर रिकामीच असतात. चहाची व्यवस्था महिला मंडळ आनंदाने करील, आणि ज्यांना बागेचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे असे आपले वडीलधारे त्या बैठकीस शिक्षक म्हणूनच येतील.

आणि आपण, पालकहो, वर्षाअखेरीस शिक्षकाला भेटावयास जातो ते गुण का कमी पडले हे विचारण्यासाठी. यंदा जून महिन्यातच जावे. आपल्या विहिरीची, बागेची, गोठ्याची दारे त्याच्या वर्गासाठी उघडी आहेत, एवढे त्याला सांगून यावे. टाचणवहीत लिहावयास त्याला काही तरी नवे मिळेल; आणि तो निवृत्त होईल तेव्हा ती वही रद्दीत घालण्याचे धाडस कोणाला होणार नाही.